उशीर नक्की कोणाचा?

कॅन्सर झाल्याची बातमी कानावर आली की लोकांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. "कितवी स्टेज?" हा पहिला. दुसरा त्याच्या पाठोपाठ येतो: "आधी कसं लक्षात आलं नाही?" विचारणाऱ्याच्या मनात काळजी असते, नाही असं नाही. पण त्या प्रश्नात एक दबकी फिर्यादही असते. दुखणं अंगावर काढलं असेल, गाठीकडे दुर्लक्ष केलं असेल, तपासणी टाळली असेल; काहीतरी चुकलं असणारच, आणि ते त्या माणसाचंच. असं मानण्यात विचारणाऱ्याची सोय असते. आपण अशी चूक करणार नाही, तेव्हा आपल्यावर ही वेळ येणार नाही, एवढा दिलासा त्याला फुकटात मिळतो.

गेल्या अडीचशे वर्षांचा कॅन्सरचा इतिहास वाचताना हा प्रश्न मला दर वेळी चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या पत्रासारखा वाटतो. उशीर या इतिहासात पानोपानी आहे. पण रोग्याने केलेला उशीर महिन्यांत मोजायचा, आणि सरकारं, कारखानदार, कायदेमंडळं आणि खुद्द वैद्यकीय व्यवसाय यांनी केलेला उशीर दशकांत. गंमत अशी की याच मंडळींनी दुसऱ्या काही बाबतींत विलक्षण घाईही केली. पुरावा पक्का होता तिथे पाय ओढले, पुरावा नव्हता तिथे धाव घेतली. हा निव्वळ योगायोग आहे असं मला वाटत नाही.

सुरुवात काजळीपासून करू.

१७७५ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातले शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी एक छोटं टिपण प्रसिद्ध केलं. घरांच्या धुराड्यांत शिरून काजळी खरवडणाऱ्या पोरांना मोठेपणी वृषणाच्या पिशवीवर एक चिघळणारा व्रण होतो, तो व्रण म्हणजे कॅन्सर आहे, आणि त्याचं मूळ कातडीच्या वळ्यांत साचून राहणाऱ्या काजळीत आहे, असं त्यांनी लिहिलं. ही पोरं अगदी लहानपणी कामाला जुंपली जात. धुराडी अरुंद, म्हणून अंगावर कपडे जवळजवळ नसतच. पॉट यांच्या आधी डॉक्टर या व्रणाकडे कसे बघत? गुप्तरोग म्हणून. पाऱ्याची औषधं देत. म्हणजे पोरगं वाईट चालीचं आणि दुखणं त्याच्या कर्माचं. "आधी कसं लक्षात आलं नाही" या प्रश्नाचा हा खापरपणजोबा म्हणायला हरकत नाही.

पुढे काय झालं? डेन्मार्कमध्ये धुराडी साफ करणाऱ्यांच्या संघाने १७७८ मध्येच आपल्या माणसांना रोज अंघोळ करायला सांगितलं. इंग्लंडमध्ये १७८८ चा कायदा आला: आठ वर्षांखालच्या मुलाला या कामावर ठेवू नये. तो पाळला गेला नाही. १८०३ मध्ये तुकडे जोडत लांब करता येणारा ब्रश तयार झाला, म्हणजे बहुतेक ठिकाणी मूल आत घालायची गरजच उरली नाही. तरी नवे प्रस्ताव संसदेच्या वरिष्ठ सभागृहात पडत राहिले. वाकडीतिकडी धुराडी ब्रशने नीट निघत नाहीत, घरं पेटतील, हा युक्तिवाद. १८४० मध्ये एकवीस वर्षांखालच्यांना बंदी आली, तीही कागदावर. शेवटी १८७५ मध्ये एक लहान मुलगा धुराड्यात अडकून मेला आणि मग कुठे, अंमलबजावणी पोलिसांकडे सोपवणारा कायदा झाला. पॉट यांचं टिपण आणि हा कायदा यांच्यात बरोबर शंभर वर्षांचं अंतर आहे. त्यानंतरही, १८९२ मध्ये, हेन्री बटलिन या शल्यचिकित्सकांना दिसलं की युरोपातल्या शेजारी देशांतल्या या कामगारांना हा रोग क्वचितच होतो, इंग्लंडमध्ये मात्र होतो. तिकडचे लोक अंगभर कपडे घालून काम करत आणि काजळी धुऊन टाकत. फरक काय तो एवढाच.

काजळीत नक्की काय घातक असतं, हे पॉट यांना माहीत नव्हतं. ते कळायला फार वेळ लागला. १९१५ मध्ये टोकियोत यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्महिने डांबर चोळून कॅन्सर घडवून दाखवला. १९३० च्या दशकात लंडनमध्ये त्या डांबरातून बेंझोपायरीन हा पदार्थ वेगळा काढला गेला. म्हणजे रोगाची आतली यंत्रणा उलगडायला दीडशेहून जास्त वर्षं गेली. पण अंघोळ घालायला ती यंत्रणा कळण्याची गरज नव्हती. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचं हेच वाटतं, आणि हेच आपण पुन्हा पुन्हा विसरतो.

तंबाखूची गोष्ट बहुतेकांना ढोबळ माहीत असते, म्हणून तिच्यातल्या दोन-तीन जागाच सांगतो. १९५० मध्ये अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम यांनी, आणि इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी, फुप्फुसाचा कॅन्सर झालेले आणि न झालेले लोक यांची तुलना करून दाखवलं की फरक सिगारेटचा आहे. डॉल यांचा सुरुवातीचा संशय मोटारींच्या धुरावर आणि रस्त्यावरच्या डांबरावर होता. आकडे समोर आले तसे ते स्वतः सिगारेट सोडून मोकळे झाले. इव्हार्ट्स ग्रॅहम यांची कथा जास्त चटका लावणारी आहे. कॅन्सरसाठी अख्खं फुप्फुस यशस्वीपणे काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९३३ मध्ये त्यांनीच केली होती. सिगारेटचा संबंध त्यांना सुरुवातीला पटत नव्हता. आकड्यांनी तो पटवला, त्यांनीही सिगारेट सोडली, आणि १९५७ मध्ये ते फुप्फुसाच्या कॅन्सरनेच गेले. १९३३ चा त्यांचा रोगी त्यांच्यानंतरही काही वर्षं जगला.

१९५४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या तंबाखू कंपन्यांनी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत पानभर निवेदन दिलं. त्याचा सूर साधा होता: तज्ज्ञांत एकमत नाही, अजून संशोधन हवं, आम्ही ते करू. एका कंपनीच्या १९६९ च्या अंतर्गत टिपणात हे धोरण सरळ लिहिलेलं पुढे उघड झालं: शंका हाच आपला माल. अजून संशोधन हवं, ही मागणी ऐकायला किती शहाणपणाची वाटते! तिला विरोध करायला कोणाची जीभ रेटेल? कंपन्यांनी नेमकं तेच हेरलं होतं. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याचा, अहवाल १९६४ मध्ये आला. तोही शनिवारी जाहीर केला, कारण त्या दिवशी शेअर बाजार बंद असतो. तंबाखूवर नियंत्रणाचा जागतिक करार व्हायला २००३ उजाडलं. १९५० आणि २००३. मधल्या त्रेपन्न वर्षांत ज्यांनी पहिली सिगारेट ओढली, त्यांना आपण आज विचारतो, आधी कसं लक्षात आलं नाही.

ॲस्बेस्टॉसचंही तेच. १९५५ मध्ये डॉल यांनी ॲस्बेस्टॉस कामगारांतला फुप्फुसाचा कॅन्सर दाखवला, १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतून वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी छातीच्या अस्तराच्या कॅन्सरशी, म्हणजे मेसोथेलिओमाशी, खाणींचं नातं दाखवलं. ब्रिटनमध्ये सर्व प्रकारांवर बंदी यायला १९९९ लागलं; अमेरिकेने शेवटच्या वापरातल्या प्रकारावर बंदी जाहीर केली ती २०२४ मध्ये. काही देशांत ते आजही खणलं जातं.

आता घाईकडे वळू. 

फार पूर्वी या रोगावर करण्यासारखं काही नव्हतंच. छातीत भरलेल्या गाठीविषयी लिहिताना इजिप्तमधल्या एका प्राचीन पपायरसने उपचाराच्या जागी 'नाही' एवढंच नोंदवलं आहे. ग्रीकांनी त्याला खेकडा म्हटलं, तोच खेकडा आपल्या 'कर्करोगा'त आहे; सुश्रुताचा 'अर्बुद' हा शब्द बिचारा मागे पडला. प्राचीन रोममधला वैद्य गेलन याच्या मते कॅन्सरचं मूळ काळं पित्त, आणि ते शरीरभर पसरलेलं, मग गाठ कापून उपयोग काय? एकोणिसाव्या शतकात भूल आली, जंतुनाशक पद्धती आल्या आणि हजारो वर्षं बांधलेले हात एकदम मोकळे झाले. मोकळे झालेले हात स्वस्थ बसत नाहीत.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले विल्यम हॅलस्टेड हे अत्यंत कुशल शल्यचिकित्सक होते. कॅन्सर मूळ जागेपासून हळूहळू, क्रमाने पसरतो, तेव्हा जितकं दूरवर कापावं तितका तो मुळासकट निघेल, असा त्यांचा तर्क. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं एकत्र काढायचं. १८९४ मध्ये त्यांनी आपले निकाल प्रसिद्ध केले: जुन्या जागी रोग परतण्याचं प्रमाण खूप कमी. पण जुन्या जागी परतणं हा एक प्रश्न आहे आणि बाई जगते की नाही हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हॅलस्टेड यांच्याकडे नव्हतं. त्यांच्या शिष्यांकडेही नव्हतं, तरी त्यांतले काही जण आणखी खोल गेले, बरगड्यांपर्यंत. लंडनमध्ये जेफ्री केन्स यांनी १९२० च्या दशकातच लहान शस्त्रक्रिया आणि रेडियम यांच्या जोडीने काम भागतं असं सुचवलं होतं. कोणी फारसं ऐकलं नाही. बाईला भूल द्यायची, टेबलावरच गाठीचा तुकडा तपासायचा आणि कॅन्सर निघाला तर लगेच स्तन काढायचा, अशी पद्धत होती. जाग आल्यावर स्वतःचा हात छातीवर फिरवून निकाल कळायचा. ही रीत मोडून काढायला रोझ कुशनर नावाच्या पत्रकार रुग्णाला १९७० च्या दशकात डॉक्टरांशी अक्षरशः भांडावं लागलं.

पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांनी १९७१ मध्ये एक चाचणी सुरू केली. स्त्रियांची गटांत विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कोणाच्याही मर्जीवर न ठेवता. काहींवर हॅलस्टेडची मोठी शस्त्रक्रिया, काहींवर त्याहून साधी. अनेक शल्यचिकित्सकांनी आपले रुग्ण द्यायला नकार दिला. निकाल लागला तेव्हा जगण्यात फरक नव्हता. पंचवीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००२ मध्ये पुन्हा मोजलं, तेव्हाही नव्हता. म्हणजे सुमारे ऐंशी वर्षं असंख्य स्त्रियांचे छातीचे स्नायू कापले गेले, हात सुजले, खांदे आखडले, आणि त्यामागे पुरावा काय, तर एका हुशार माणसाचा तर्क आणि सगळ्यांची भीती. साप म्हणून भुई धोपटणे म्हणतात, ते हेच. फक्त भुई कोणाचं तरी शरीर होतं.

यातून धडा घेतला असेल असं वाटतं ना? १९८० आणि ९० च्या दशकांत स्तनाच्या कॅन्सरसाठी दुसरी टोकाची गोष्ट आली: केमोचा इतका मोठा डोस द्यायचा की हाडांतला मगज जळून जाईल, आणि आधी काढून ठेवलेला मगज नंतर परत घालायचा. हजारो स्त्रियांनी हा उपचार घेतला. विमा कंपन्या तो प्रायोगिक म्हणून नाकारत तेव्हा न्यायालयांनी त्यांना जबर दंड ठोठावले. वर्तमानपत्रांनी कंपन्यांना निर्दय ठरवलं. चाचणीत सहभागी व्हायला बायका तयार होईनात, कारण चिठ्ठीत नेहमीचा उपचार आला तर? १९९९ मध्ये चाचण्यांचे निकाल एकत्र मांडले गेले. फायदा फक्त एकाच चाचणीत दिसला, जोहान्सबर्गच्या वर्नर बेझवोडा यांच्या. तपासनीस तिथे गेले आणि कळलं की ती चाचणी बनावट होती. मी त्या काळात आणि त्या जागी असतो तर न्यायाधीशाच्याच बाजूने बोललो असतो, हे कबूल करतो. भीतीला पुरावा मागणं क्रूर वाटतं.

आणखी एका घाईबद्दल बोलायला हवं, कारण ती आजही चालू आहे आणि तिचं नाव 'वेळेवर निदान' असं सुंदर आहे.

कॅन्सर लवकर सापडला म्हणजे माणूस वाचला, हे समीकरण इतकं सरळ वाटतं की तपासून बघावं असं कोणाच्या मनातच येत नाही. समजा एका माणसाला सत्तराव्या वर्षी कॅन्सरने मरण येणार आहे. सदुसष्टाव्या वर्षी खोकला लागून निदान झालं, तर निदानानंतर पाच वर्षं जगलेल्यांच्या यादीत त्याचं नाव नाही. त्याच माणसाचा रोग साठाव्या वर्षी यंत्राने शोधला, तर तो निदानानंतर दहा वर्षं जगला. यादीत यशस्वी म्हणून नोंद. तो मेला मात्र सत्तराव्या वर्षीच. आयुष्य एका दिवसानेही वाढलं नाही, वाढला तो रोगी म्हणून जगण्याचा काळ. म्हणून 'पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण वाढलं' असं कोणी तपासणीच्या कौतुकात सांगितलं की माझे कान टवकारतात. विचारायचं ते एकच: मृत्यू कमी झाले का?

जपानने १९८० च्या दशकात सहा महिन्यांच्या सगळ्या बाळांची लघवी तपासून न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांतला कॅन्सर शोधायला सुरुवात केली. याहून निर्विवाद चांगलं काम कोणतं? सापडलेल्या बाळांपैकी जवळजवळ सगळी वाचत होती. पण कॅनडा आणि जर्मनीत तपासलेल्या आणि न तपासलेल्या मुलांची तुलना झाली, निकाल २००२ मध्ये आले, आणि कळलं की तपासणीने मृत्यू कमी होत नाहीत. या वयातल्या कित्येक गाठी आपोआप विरून जातात. तपासणी नेमक्या त्याच जास्त पकडत होती. जी घातक होती ती तिच्या हातून निसटत होती. म्हणजे कधी आजारी न पडणाऱ्या बाळांवर शस्त्रक्रिया आणि केमो झाले, आणि त्यांचे आईवडील मूल वाचलं म्हणून आयुष्यभर कृतज्ञ राहिले. जपानने २००४ च्या सुमारास हा कार्यक्रम थांबवला. थांबवणं हे सुरू करण्यापेक्षा फार अवघड असतं, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

दक्षिण कोरियात हेच थायरॉइडच्या बाबतीत झालं. इतर तपासण्यांसोबत गळ्याची सोनोग्राफी स्वस्तात होऊ लागली आणि १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कॅन्सरचं निदान पंधरा पटींनी वाढलं. मृत्यूंची रेषा जिथे होती तिथेच राहिली. सापडलेल्या जवळजवळ प्रत्येकावर शस्त्रक्रिया झाली. बहुतेकांना जन्मभर गोळ्या, काहींचा आवाज गेला. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीरपणे हा प्रश्न उचलला आणि पाहता पाहता शस्त्रक्रिया सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. गंमत बघा, शेजारी जपानमधल्या कोबे शहरात एका रुग्णालयाने १९९३ पासूनच अशा अगदी लहान गाठी न कापता नुसत्या नजरेखाली ठेवायला सुरुवात केली होती. एकच गाठ, एकच वर्ष, दोन देश.

तपासणी वाईट असते असा याचा अर्थ नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी शोधलेली पॅप चाचणी, म्हणजे तिथल्या पेशी काचेवर घेऊन, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, ही या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे. १९२८ मध्ये त्यांनी ती मांडली, डॉक्टरांनी खांदे उडवले, १९४३ चं पुस्तक आल्यावर तिची दखल घेतली गेली. पण इथेही उशिराची एक वेगळी जात दिसते. १९६५ ते १९८२ या काळात आइसलँडमध्ये या रोगाचे मृत्यू सुमारे ८० टक्क्यांनी घटले, नॉर्वेत जेमतेम १० टक्क्यांनी. काच तीच, रंग तोच, सूक्ष्मदर्शक तोच. आइसलँड प्रत्येक बाईला नावाने बोलावत होता, आली नाही तर पुन्हा बोलावत होता. नॉर्वेत बहुतांश बायकांच्या बाबतीत ते जिच्या तिच्यावर आणि तिच्या डॉक्टरवर सोडलेलं होतं. मग नॉर्वेतल्या एखाद्या बाईला "तू वेळेवर का आली नाहीस" असं विचारणं कितपत न्यायाचं?

या घाई-उशिराच्या मुळाशी मला दोन गोष्टी दिसतात. एक, कारण दूर करायचं तर कोणाच्या तरी उत्पन्नावर गदा येते. उपचार आणि तपासणी वाढवली तर कोणाचं तरी उत्पन्न वाढतं. घरमालकाला धुराडं दुरुस्त करावं लागतं, कंपनीला विक्री सोडावी लागते. यंत्र विकत घेणाऱ्याला मात्र ते चालवावं लागतं. दुसरी गोष्ट पैशाची नाही, मनाची आहे. भीती वाटली की माणसाला काहीतरी झालेलं दिसायला हवं असतं, आणि ते आपल्या देहावर झालं तर जास्त खरं वाटतं. ज्याचा कॅन्सर शस्त्रक्रियेने बरा झाला तो डॉक्टरांचे पाय धरतो. ज्याला सिगारेटवरच्या करामुळे कॅन्सर झालाच नाही, त्याला आपण वाचलो हे ठाऊकच नसतं. तो करावर चिडलेला असतो.

१९७१ च्या २३ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी राष्ट्रीय कॅन्सर कायद्यावर सही केली आणि 'कॅन्सरविरुद्ध युद्ध' हा शब्दप्रयोग घरोघरी पोचला. या रूपकाने पैसा उभा केला, हे खरं. पण युद्ध म्हटलं की रणभूमी लागते, आणि ती रोग्याचं शरीर झाली. धुराडं, कारखाना, पानभर जाहिरात हे नकाशाच्या बाहेर. १९८६ मध्ये जॉन बेलर आणि इलेन स्मिथ यांनी हिशेब मांडला: वयाचा फरक वजा केल्यावरही अमेरिकेतलं कॅन्सरच्या मृत्यूंचं प्रमाण वीस वर्षांत घटण्याऐवजी थोडं वाढलं आहे, लक्ष प्रतिबंधाकडे वळवा. फार टीका झाली त्यांच्यावर. ते प्रमाण घटायला लागलं १९९१ नंतर, आणि पुढच्या तीस वर्षांत जवळपास एक तृतीयांशाने खाली आलं. त्यात नव्या औषधांचा वाटा आहे, तपासण्यांचा आहे, पण सर्वांत मोठा वाटा लोकांनी सिगारेट सोडल्याचा मानला जातो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं काही दशकं चाललं होतं.

उपचारांना मी कमी लेखतो असं कोणाला वाटेल, म्हणून सांगतो. बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने मरणाऱ्या मुलांना ॲमिनोप्टेरिन दिलं, तेव्हा काही महिन्यांपुरतीच पण मुलं उठून खेळायला लागली. ते औषध येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने लेडर्ले प्रयोगशाळेत बनवलं होतं. आज जिथे पुरेशी साधनं आहेत तिथे या मुलांपैकी दहांतली नऊ बरी होतात. १९६० मध्ये फिलाडेल्फियात सापडलेल्या एका तुटक्या गुणसूत्राचा धागा धरून २००१ मध्ये इमॅटिनिब आलं आणि रक्ताचा एक जीवघेणा कॅन्सर रोज गोळी घेऊन जगण्याचा आजार झाला. यापुढे मान तुकवावीच लागते. पण बघा, इथे प्रत्येक पायरीवर मोजमाप झालं. या गटाला हे, त्या गटाला ते, कोण जास्त जगलं, मग पुढची पायरी. माझं भांडण उपचाराशी नाही, मोजमाप टाळणाऱ्या उपचाराशी आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की पुराव्याचे तराजू दोन ठेवावेत. एखादा पदार्थ हवेतून, कामाच्या जागेवरून, दुकानातून काढून टाकायचा असेल तर माणसांवरचा सुसंगत पुरावा पुरे. आतली यंत्रणा कळेपर्यंत थांबायचं नाही. निरोगी, धडधाकट लोकांना तपासणीला बोलावायचं असेल तर मात्र तराजू कडक हवा: मृत्यू कमी होतात हे आधी दाखवा, मग बोलवा. आज होतं याच्या नेमकं उलट. रक्ताच्या एका नमुन्यातून अनेक प्रकारचे कॅन्सर ओळखण्याचा दावा करणाऱ्या चाचण्या काही देशांत २०२१ पासून विकल्या जात आहेत. त्यांनी मृत्यू कमी होतात हे सिद्ध होण्याची वाट विक्रीने पाहिली नाही. उद्या कदाचित सिद्ध होईलही. पण क्रम उलटा आहे.

पहिला तराजू सैल ठेवला तर उठसूट कशालाही कॅन्सरकारक ठरवलं जाईल, हा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. १९२६ चं नोबेल पारितोषिक योहानेस फिबिगर यांना एका जंताने उंदरांना कॅन्सर होतो या शोधासाठी मिळालं, आणि तो शोध चुकीचा निघाला. सॅकरीन या साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या गोड पदार्थावर १९७७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांवरून गदा आली. तो परिणाम माणसाला लागू नाही हे मान्य व्हायला आणि इशारा हटायला २००० साल उजाडलं. पण या दोन्ही गोष्टी उंदरांच्या होत्या. काजळी, सिगारेट, ॲस्बेस्टॉस यांचा पुरावा माणसांतला होता, आणि तो पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या जागी मिळत होता. शिवाय चूक झालीच तर तिची किंमतही बघायला हवी. अंघोळ विनाकारण झाली तर काय बिघडलं? स्तन विनाकारण काढला तर? ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ च्या एका व्याख्यानात याच मुद्द्यावर बोट ठेवलं होतं: विज्ञानाचं सगळंच काम अपुरं असतं, पण म्हणून हाती असलेल्या ज्ञानाने मागितलेली कृती पुढे ढकलण्याची मुभा मिळत नाही.

वेगाने काम होऊ शकतं याचंही उदाहरण आहे. १९८१ मध्ये तैवानमधल्या २२,७०७ पुरुषांच्या अभ्यासातून पामर बीझली यांनी हिपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणुसंसर्ग आणि यकृताचा कॅन्सर यांचं नातं दाखवलं. १९८४ मध्ये तैवानने नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली. तीन वर्षं! दशकभरात ६ ते १४ वर्षांच्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर दर लाखात ०.७० वरून ०.३६ वर आला. इथे कोणाचा धंदा बुडत नव्हता, हेही खरं.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही हा विषाणू आहे हे हाराल्ट त्सुर हाउझेन यांनी १९८० च्या दशकात दाखवलं; २००६ मध्ये लस आली. इंग्लंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी लस देऊ केलेल्या मुलींच्या पिढीत हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी घटल्याचं २०२१ मध्ये दिसलं. जपाननेही २०१३ च्या एप्रिलमध्ये ती नियमित लसीकरणात घेतली होती. दोन महिन्यांतच, काही मुलींना वेदना आणि झटके येतात अशा बातम्या आल्यावर, सरकारने शिफारस थांबवली. लस बंद केली नाही, मोफतच ठेवली. फक्त घरोघरी जाणारी पत्रं थांबली. लसीचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवरून एक टक्क्याखाली आलं. नागोया शहरातल्या मोठ्या पाहणीत लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींत त्या तक्रारींचा फरक दिसला नाही, तरी पत्रं निघाली नाहीत. ती पुन्हा निघाली २०२२ च्या एप्रिलमध्ये.

१९९७ ते २००५ या काळात जन्मलेल्या ज्यांची लस राहून गेली होती, त्यांनाही तेव्हा मोफत लस देऊ केली गेली. त्या आता सतरा ते पंचवीस वर्षांच्या झाल्या होत्या. विषाणूची गाठ पडण्याआधी दिली तरच ही लस पूर्ण काम करते. तेराव्या वर्षी तिचा जेवढा उपयोग तेवढा पंचविसाव्या वर्षी नाही. त्यांच्यापैकी कोणाला पुढे कधी हा रोग झालाच, तर भेटायला आलेलं कोणीतरी आधी स्टेज विचारेल, आणि मग विचारेल की आधी कसं लक्षात आलं नाही.